प्रभात फिल्म कंपनी बंद पडली ती भागीदारीमुळे की बदलत्या काळामुळे?

ताळेबंद :

नमस्कार. मी वाणिज्य शाखेचा माणूस आहे, चित्रपटांचा अभ्यासक नाही. प्रभात फिल्म कंपनीविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. मात्र बहुतेक लेखन चित्रपटांभोवती आणि आठवणींभोवती फिरते, आणि शेवटाकडे आले की ‘शांतारामबापू गेले आणि प्रभात संपली’ या एका वाक्यावर थांबते. शांताराम १९४२ साली बाहेर पडले आणि कंपनी १९५३ साली बंद झाली. मधली अकरा वर्षे ही एखाद्या धंद्यासाठी थोडी नव्हेत, आणि एका माणसाच्या जाण्याने त्यांचा उलगडा होतो असे मला वाटत नाही.

म्हणून प्रश्न असा की, व्यवसायसंस्था म्हणून प्रभातची रचना नेमकी कशी होती, एखादा भागीदार बाहेर पडला की त्या रचनेवर काय परिणाम होत असे, आणि हीच संस्था मर्यादित कंपनी (जिचे कायदेशीर अस्तित्व मालकांहून वेगळे असते आणि भागधारकांची जबाबदारी त्यांच्या भागांपुरतीच असते) म्हणून नोंदवली गेली असती तर ती टिकली असती का? चित्रपटांच्या गुणवत्तेची चर्चा येथे टाळली तर बरे होईल.

मुनीमजी :

प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. प्रथम रचना पाहू. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभातची स्थापना झाली तेव्हा तिचे पाच भागीदार होते : विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. पहिले चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले, आणि पाचवे कोल्हापूरचे सराफ. नावात ‘कंपनी’ असली तरी कायद्याच्या भाषेत ही भागीदारी पेढी होती, आणि ही बारीकशी गोष्ट पुढचे बरेच काही समजावून देते.

या पेढीचे वैशिष्ट्य असे की भांडवल देणारा एक भागीदार वगळता बाकीचे सारे प्रत्यक्ष कामाला जुंपलेले होते. दामले ध्वनी आणि यंत्रांची बाजू पाहत, फत्तेलाल कलादिग्दर्शन सांभाळत, धायबर छायाचित्रण करत आणि शांताराम दिग्दर्शन करत. त्यामुळे स्टुडिओतील जवळजवळ प्रत्येक खात्याचा प्रमुख हा स्वतःच मालक होता. बाहेरच्या भागधारकाला लाभांश द्यायचा नसल्याने नफा पुन्हा यंत्रसामग्रीत आणि बांधकामात घालता येत असे, आणि ‘अयोध्येचा राजा’ या १९३२ सालच्या पहिल्या मराठी बोलपटानंतर अवघ्या वर्षभरात, म्हणजे १९३३ साली, कोल्हापूर सोडून पुण्यात नवा स्टुडिओ उभारण्याची धमक या पेढीला दाखवता आली ती याच बळावर. त्याच वर्षी ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा प्रयोग जर्मनीतील प्रयोगशाळेच्या मदतीने झाला. तो फसला, पण त्याचा जाब विचारायला कोणतेही संचालक मंडळ बसलेले नव्हते.

आता दुसरी बाजू. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार पेढीला भागीदारांपासून वेगळे असे कायदेशीर अस्तित्व नसते. करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूनेही पेढी विसर्जित होते. बाहेर पडणाऱ्या भागीदाराचा हिशेब पुरता चुकता न करता उरलेल्यांनी धंदा चालू ठेवला, तर आपल्या हिश्श्याच्या वापरातून झालेला नफा किंवा त्या हिश्श्यावर सालीना सहा टक्के व्याज, यांपैकी एक मागण्याचा हक्क त्याला मिळतो. त्याला प्रतिस्पर्धी धंदाही काढता येतो, फक्त जुन्या पेढीचे नाव वापरता येत नाही. शांतारामांनी परळला वाडिया मूव्हिटोनच्या जागेत राजकमल कलामंदिर उभे केले ते १९४२ सालीच. धायबर तर त्यांच्याही आधी गेले होते. प्रत्येक वेळी पेढीतून एक दिग्दर्शक किंवा छायाचित्रकार गेला हे आपण लिहितो, परंतु त्याबरोबर मालकीचा एक हिस्साही गेला, हे आपल्या लिखाणात सहसा येत नाही.

पुढे ५ जुलै १९४५ रोजी दामले वारले. वितरणाच्या बाजूने आलेले फेमस पिक्चर्सचे बाबूराव पै एव्हाना भागीदार झाले होते. म्हणजे ज्या पेढीत निर्णय घेणारा आणि सेटवर उभा राहणारा माणूस एकच असे, तिच्यात आता निर्णय कचेरीत आणि काम सेटवर अशी फाळणी झाली. ‘रामशास्त्री’सारखा १९४४ सालचा मोठा चित्रपट याच काळातला असला, तरी त्याच्या दिग्दर्शनाची सूत्रे एकाहून अधिक हातांतून गेली, ही गोष्ट मला सूचक वाटते. ताळेबंद यांनी चित्रपटांची चर्चा नको म्हटले आहे, म्हणून येथेच थांबतो.

मालाडकर :

मुनीमजींचे विवेचन पटले, परंतु मूळ प्रश्नाचा शेवटचा भाग, म्हणजे मर्यादित कंपनी असती तर काय झाले असते, तो अनुत्तरित राहिला. सुदैवाने त्याचे उत्तर कल्पनेने द्यावे लागत नाही. मालाडला १९३४ साली सुरू झालेली बॉम्बे टॉकीज ही नेमकी तशी संस्था होती. हिमांशु राय आणि देविका राणी यांनी तिची रीतसर कंपनी म्हणून नोंदणी केली, भागभांडवल उभारले आणि संचालक मंडळावर एफ. ई. दिनशॉ, सर चिमणलाल सेटलवाड यांच्यासारखी मुंबईतील बडी मंडळी घेतली. चित्रपटाचा धंदा म्हणजे जुगार, असे मानणाऱ्या त्या काळच्या सावकारी जगात या नावांचे मोल काय होते हे वेगळे सांगायला नको.

आता पाहा. १६ मे १९४० रोजी हिमांशु राय वारले. ही भागीदारी असती तर पेढीचाच प्रश्न उभा राहिला असता, परंतु कंपनी असल्यामुळे ती कायद्याने अखंड राहिली आणि १९४३ साली ‘किस्मत’सारखे प्रचंड यशही तिला मिळाले. पण ज्या वर्षी हे यश मिळाले त्याच वर्षी शशधर मुखर्जी, अशोक कुमार, रायबहादूर चुनीलाल आणि ग्यान मुखर्जी बाहेर पडले आणि त्यांनी गोरेगावला फिल्मिस्तान सुरू केली. कंपनीत आधीच दोन निर्मितीगट पडले होते आणि त्यांच्यातील ओढाताण संचालक मंडळाला आवरता आली नाही. १९४५ साली देविका राणीही चित्रपटसृष्टीतून निवृत्त झाल्या. पुढे अशोक कुमार परतले, ‘महल’ चालला, तरी १९५४ च्या सुमारास बॉम्बे टॉकीजचाही कारभार आटोपला.

पुण्यातलेच उदाहरण हवे असेल तर नवयुग चित्रपट लिमिटेडचे घ्या. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांची हंस पिक्चर्स मागे पडून ही मर्यादित कंपनी उभी राहिली, आणि विनायक अल्पावधीतच तिच्यातून बाहेर पडून प्रफुल्ल पिक्चर्सकडे वळले. सांगायचा मुद्दा असा की, कंपनी कायदा संस्थेचे नाव वाचवतो, त्या नावाखाली राबणारी माणसे मात्र तो धरून ठेवू शकत नाही.

पडद्यामागे :

वरील दोन्ही उत्तरे आदरपूर्वक वाचली, तरी थोडा मतभेद नोंदवतो. भागीदारीची पेढी १९५३ साली आणि मर्यादित कंपनी १९५४ च्या सुमारास संपत असेल, तर कारण त्या दोहोंच्या रचनेबाहेर शोधायला हवे.

प्रभात काय किंवा बॉम्बे टॉकीज काय, सुतारापासून नायिकेपर्यंत सारे मासिक पगारावर असत. १९४४ साली गुरु दत्त पुण्यात आले तेही प्रभातशी तीन वर्षांचा करार करूनच. चित्रपट सुरू असो वा नसो, पगार चालूच राहतो, आणि म्हणून अशा स्टुडिओला वर्षाकाठी ठरावीक चित्रपट काढावेच लागतात. युद्धकाळात कच्ची फिल्म सरकारी नियंत्रणाखाली गेली, चित्रपटांच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा आली आणि फिल्म परवान्यावर मिळू लागली. त्याच काळात युद्धातून पैसा कमावलेले नवे लोक या धंद्यात उतरले. त्यांच्याकडे स्टुडिओ नव्हता आणि त्यांना तो नकोही होता. जागा भाड्याने घ्यायची आणि नटाला एका चित्रपटासाठी जो आकडा द्यायचा, तो पगारी स्टुडिओच्या आवाक्याबाहेरचा असायचा. प्रभातच्या ‘हम एक हैं’मधून १९४६ साली पडद्यावर आलेले देव आनंद थोड्याच वर्षांत स्वतःची निर्मितीसंस्था काढून बसले. अशा काळात एखाद्या पेढीने करारपत्रातली कलमे बदलून काय साधले असते?

शांतारामांचे राजकमल टिकले, असे कोणी म्हणेल. ते टिकले हे खरे, पण तेथे एकच मालक होता आणि तोच दिग्दर्शक, तोच निर्माता आणि प्रसंगी तोच नायक.

ताळेबंद :

तिघांचेही मनःपूर्वक आभार. पडद्यामागे यांचा आक्षेप मला मान्य आहे, फक्त रचनेचा प्रश्न त्यामुळे निकालात निघतो असे वाटत नाही. दिवस वाईट आले की हिश्श्याचे पैसे चुकते करण्याचा भार पेढीला अधिक जड जातो, आणि भागीदारांची जबाबदारी अमर्यादित असल्याने कर्ज काढून तग धरण्याची हिंमतही कमी होते. एक पुरवणी प्रश्न विचारतो : पेढी मिटल्यावर मालमत्तेचे पुढे काय झाले?

मुनीमजी :

अशा पेढीची मालमत्ता तीन प्रकारची असते : जागा व यंत्रे, चित्रपटांचे हक्क आणि नाव. प्रभातच्या बाबतीत या तिन्हींच्या वाटा वेगवेगळ्या झाल्या.

स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात चित्रपटशिक्षणाची संस्था काढण्याची शिफारस केली होती. ती संस्था १९६० साली भारत सरकारने सुरू केली, ती प्रभातच्याच स्टुडिओत. आजची एफटीआयआय, म्हणजे भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था, ती हीच.

हक्कांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ते विकले गेले, आणि दामले कुटुंबाने पुढे अनेक चित्रपटांचे हक्क परत मिळवले. येथे कायद्याचा हक्क आणि प्रत्यक्ष निगेटिव्ह या दोन भिन्न वस्तू आहेत हे ध्यानात ठेवावे. आजच्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो, म्हणजे ‘संत तुकाराम’च्या १९३६ या वर्षापासून मोजले तर ती मुदत १९९६ अखेर भरते. निगेटिव्हला अशी मुदत नसते, तिला फक्त आगीचे भय असते. जानेवारी २००३ मध्ये एफटीआयआयच्या आवारातील नायट्रेट रिळांच्या (चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या) कोठाराला आग लागली, आणि त्यात इतर संस्थांच्या चित्रपटांबरोबर प्रभातच्या मूळ निगेटिव्हही जळाल्या.

राहिले नाव. अप्पा बळवंत चौकाजवळचे ‘प्रभात’ चित्रपटगृह १९३४ साली ‘अमृतमंथन’ने सुरू झाले, पण ती वास्तू किबे यांची, भाडेपट्ट्याने घेतलेली. तो पट्टा डिसेंबर २०१४ मध्ये संपला, वास्तू मूळ मालकांकडे परत गेली आणि ‘किबे लक्ष्मी’ हे नाव पुन्हा लागले. पेढी मिटल्यावर साठ वर्षांहून अधिक काळ तिचे नाव त्या इमारतीवर झळकत होते, आणि ती इमारत प्रभातच्या मालकीची कधीच नव्हती.