प्रति: स्वतः आजारी असताना साक्ष कशी द्यायची?

ताई, तुम्ही विचारलंय, स्वतःच बरं न झालेल्या माणसानं येशूबद्दल काय सांगायचं? माझं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, दर वेळी चार तास. शेजारच्या कॉटवर कागलचे एक काका असतात, माळकरी. एकदा मशीनवर असतानाच त्यांचं बीपी उतरलं, पायात गोळे आले. सिस्टर येईपर्यंत मी मोकळ्या हातानं त्यांचा हात धरून प्रार्थना केली. पुढच्या खेपेला त्यांनीच विचारलं, "काय म्हणत होतीस गं पोरी?" मग बायबलमधल्या प्रेषित पौलाचं सांगितलं. शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, निघावा म्हणून त्यानं प्रभूला तीनदा विनवलं. काटा राहिला, पण कृपा पुरली. 'बरे व्हाल' असं मात्र मी कुणालाच सांगत नाही. नाही झालं तर माणूस दुप्पट खचतो. रविवारी वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये मी काकांसाठी प्रार्थना करते, ते माझ्यासाठी विठ्ठलाला साकडं घालतात.