प्रति: फक्त किकऑफसाठी वेगळा खेळाडू कशाला?

५३ जणांच्या संघात फक्त किकऑफ (खेळ सुरू करताना प्रतिस्पर्ध्याकडे लाथेने चेंडू मारणं) घेणारा वेगळा खेळाडू ठेवायची चैन परवडत नाही, हे मत एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, जुन्या नियमांत मलाही पटलं असतं. २०११मध्ये किकऑफ ३०वरून ३५ यार्डांच्या रेषेवर आला, मग टचबॅकसाठी, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेमागच्या पट्ट्यात (एंड झोन) जाऊन तिथेच थांबावा यासाठी, नुसता जोरकस पाय पुरायचा. २०२४पासून चित्र पालटलंय. चेंडू प्रतिस्पर्ध्याची गोलरेषा आणि तिच्यापासून २० यार्डांवरची रेषा यांच्यामध्ये पाडायचा. २०च्या रेषेआधीच पडला तर प्रतिस्पर्ध्याची सुरुवात त्याच्या गोलरेषेपासून ४० यार्डांवरून. टप्पा न पडता एंड झोनमध्ये गेला तर २०२५पासून ३५वरून. त्या दोन रेषांमध्ये टप्पा घेऊन एंड झोनमध्ये गेला आणि तिथेच थांबला, तर मात्र २०वरून! एवढ्या फरकासाठी चेंडू वेडावाकडा उसळवणं ही फील्ड गोलपेक्षा (गोलखांबांमधून चेंडू मारून गुण मिळवणं) निराळी कला आहे. नेहमीच्या किकरला ती साधत नसेल, तर मी राखीव फळीतला एक माणूस कमी करेन.