एक लिटर पाण्यात परजीवी दिसला नाही, म्हणजे नदीत तो नाहीच का?

प्रश्न (काठावरचा):
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी आमच्या गावच्या जॅकवेलजवळून (नदीतून पाणी उपसण्याच्या विहिरीजवळून) डिसेंबर ते मार्च दरमहा एक लिटर पाणी आणले, ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले आणि तळाचा साका आयोडीन लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चारही वेळा क्रिप्टोस्पोरिडियम किंवा जिआर्डिया हे जुलाब घडवणारे परजीवी दिसले नाहीत. नळाच्या पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जीवाणूही नाही. ‘नदी या परजीवींपासून मुक्त आहे’ असे अहवालात लिहिता येईल का?

प्रतिसाद 1 (स्लाइडवाला):
लिहू नये. जिआर्डियाची पुटी (कवच असलेली अवस्था) आयोडीनने ओळखू येते, पण क्रिप्टोस्पोरिडियमचा जेमतेम 4 ते 6 मायक्रोमीटरचा ऊसिस्ट (त्याची पाण्यात टिकणारी कवचबंद अवस्था) आयोडीनचा रंग घेतच नाही. त्यामुळे त्याच्यापुरती तुमची तपासणी झालेलीच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या 1623 क्रमांकाच्या पद्धतीत साधारणपणे 10 लिटर पाणी गाळतात, प्रतिपिंडे लावलेल्या चुंबकीय मण्यांनी ऊसिस्ट वेगळे काढतात आणि चमकणाऱ्या रंगाने रंगवतात. हिरवी कड दिसली की लगेच मोजायचे नाही, कारण काही शैवालेही तशीच चमकतात. आतली केंद्रके दुसऱ्या रंगाने पाहावी लागतात.

एवढे करूनही बरेच ऊसिस्ट वाटेत हरवतात. नदीत दर 10 लिटरला सरासरी 1 ऊसिस्ट आहे आणि 10 पैकी 4 हाती लागतात असे धरा. तुमच्या एक लिटरच्या नमुन्यात 100 पैकी 96 वेळा शून्य येईल, आणि 10 लिटर घेतले तरी 67 वेळा शून्यच. म्हणूनच अमेरिकेतल्या 2006 च्या नियमाने मोठ्या शहरांना नदी-तलावांच्या कच्च्या पाण्याचे सलग 24 महिने नमुने घ्यायला लावले आणि लिटरला 0.075 ऊसिस्ट किंवा त्याहून अधिक सरासरी आल्यास जादा शुद्धीकरण बंधनकारक केले.

प्रतिसाद 2 (गाळणी):
ई. कोलायवर तर मुळीच विसंबू नका. नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनने तो मरतो, ऊसिस्ट मरत नाही. 1993 च्या मार्च-एप्रिलमध्ये मिशिगन सरोवराचे पाणी पिणाऱ्या मिलवॉकी या अमेरिकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियममुळे अंदाजे 4,03,000 लोक आजारी पडले, तेव्हा कोलिफॉर्मच्या (ई. कोलायच्या गटातल्या जीवाणूंच्या) चाचण्या स्वच्छ येत होत्या. बिघाडाची खूण होती ती शहराच्या दक्षिणेकडील जलशुद्धीकरण केंद्राच्या शुद्ध केलेल्या पाण्यात, ज्याचा गढूळपणा 1.7 एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणाचे एकक) चढला होता. साथ ध्यानात येईतो ते पाणी पिऊन संपले होते, म्हणून त्या दिवसांत गोठवलेल्या बर्फाच्या लाद्या वितळवून तपासल्या. दोन वेगवेगळ्या दिवशीच्या लाद्यांत 100 लिटरला अनुक्रमे सुमारे 13 आणि 7 ऊसिस्ट मिळाले. गोठण्या-वितळण्यात काही फुटले असणार, म्हणजे मूळचा आकडा याहून मोठाच.

काठावरचा:
आभारी आहे. पैसे दोनच नमुन्यांपुरते उरले आहेत. ते केव्हा घ्यावेत?

प्रतिसाद 3 (स्लाइडवाला):
डिसेंबर ते मार्च म्हणजे नदी सर्वांत निवळ असण्याचे दिवस. पहिल्या मोठ्या पावसानंतर, काठावरचे शेण आणि गटारांचे पाणी नदीत उतरते तेव्हा, एक नमुना घ्या. दुसरा त्याच दिवशी, त्याच पाण्याचा, पण त्यात मोजून ऊसिस्ट घातलेला असू द्या. त्यांतले किती परत मिळाले हे कळल्याशिवाय पहिल्याचा आकडा वाचताच येत नाही. कॅन बर्फाच्या पेटीत ठेवा, मात्र पाणी गोठू देऊ नका, आणि 96 तासांच्या आत गाळणीवरचा साका धुऊन काढा. अहवालात ‘मुक्त’ हा शब्द खोडून ‘इतक्या लिटरमध्ये, या पद्धतीने आढळला नाही’ असे लिहा.