डेल्टा कॉर्प आता ‘स्वस्त’ म्हणायचा का? की नझारा बरा?

सातारी_गडी: गोव्यात कॅसिनो चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पचा शेअर २०२२ मध्ये तीनशे रुपयांच्या वर होता, आता शंभराच्या खाली. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, पण गोव्याच्या मांडवी नदीतली कॅसिनो-जहाजं चालूच आहेत. वाईट बातमी भावात येऊन गेली असं धरावं का? की नझारा ही गेमिंग कंपनी घ्यावी?

खातेवही: पी/ई (शेअरचा भाव नफ्याच्या किती पट) बघण्याआधी वार्षिक अहवालात ‘संभाव्य देणी’ची, म्हणजे पुढे द्यावी लागू शकेल अशा रकमांची, टीप वाचा. सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टा आणि उपकंपन्यांना मिळून सुमारे १६,८०० कोटींच्या जीएसटी नोटिसा आल्या. कंपनीचं बाजारमूल्य त्याच्या पासंगालाही पुरत नाही. त्यासाठी नफ्यातून रक्कम बाजूला काढलेली (तरतूद) नसल्याने नफ्यात यातलं काही दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये गेमिंग कंपन्यांवरच्या नोटिसांना स्थगिती दिली खरी, पण स्थगिती म्हणजे माफी नव्हे.

चिप्स_मोजणारा: या जीएसटी वादाचं मूळ असं. गिऱ्हाइकाने १०० च्या चिप्स घेतल्या आणि कॅसिनोकडे समजा १५ उरले, तर कंपन्या त्या १५ वर २८ टक्के भरायच्या, म्हणजे ४ रुपये २० पैसे. नोटिसांत मागणी पूर्ण १०० वरच्या कराची. १ ऑक्टोबर २०२३ पासून कर पूर्ण १०० वर, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के. आता हे ४० गिऱ्हाइकाने भरायचे की कॅसिनोने सोसायचे? तिमाही निकालात मी आधी तेवढंच शोधतो. जिंकून पुन्हा लावलेल्या पैशावर परत कर नाही, तेवढाच दिलासा.

खातेवही: नझाराचा धडा वेगळा. पोकरबाझी हा पैशाचा ऑनलाइन पोकर चालवणाऱ्या मूनशाइनमध्ये त्यांचा निम्म्याच्या आसपास हिस्सा, पण ती सहयोगी कंपनी, म्हणजे हिस्सा आहे पण ताबा नाही. त्यामुळे तिची विक्री एकत्रित महसुलात नव्हती आणि ‘पैशाच्या खेळांशी आमचा थेट संबंध नाही’ हे नझाराचं वाक्य कागदावर खरंच होतं. गुंतवणूक मात्र ताळेबंदात होती. कायदा आल्यावर नऊशे कोटींहून जास्त रक्कम बुडीत दाखवावी लागली.

सातारी_गडी: मग थोडे घेऊन स्टॉपलॉस (ठरलेल्या भावाखाली गेला की आपोआप विक्री) लावला तर?

चिप्स_मोजणारा: इथे स्टॉपलॉस कामाचा नाही. १२ जुलै २०२३ ला, पूर्ण रकमेवर कर ठरवणाऱ्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर दुसऱ्याच दिवशी, डेल्टा वीस टक्क्यांहून जास्त पडला, तोही उघडतानाच. तुम्ही ठरवलेला विक्रीचा भाव मध्ये लागतच नाही. २०२५ चं ऑनलाइन खेळांचं विधेयकही असंच झटपट: २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. घ्यायचाच असेल तर सगळे बुडाले तरी झोप लागेल इतकेच घ्या, आणि परिषदेच्या बैठकीआधी वाढवू नका.