थोरल्या मांजराच्या घरात धाकटं पिल्लू: तुमच्याकडे काय झालं? (कोल्हापूरकरांचे अनुभव; लिहिणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचा भाग)

राजारामपुरी

आमची ठकी ९ वर्षांची. घर तिचं, आम्ही आपले पोटभाडेकरू. मागच्या आठवड्यात भर पावसात शेजारच्यांच्या गाडीच्या बॉनेटमधून एक पिल्लू निघालं. ग्रीसनं माखलेलं, मुठीत मावेल एवढं, आवाज मात्र अख्ख्या गल्लीला पुरेल असा. मी शहाण्यानं ते पुसून थेट ठकीपुढं ठेवलं. तिनं शेपटीचा बाटली धुवायचा ब्रश केला, फिसकारली आणि कपाटावर जाऊन बसली. तीन दिवस झाले, सगळे झोपल्यावरच खाली उतरून खाते. आई म्हणते, "सवत आणलीस तिच्या डोक्यावर."

ज्यांच्या घरी हे होऊन गेलंय त्यांनी लिहा. फसलेलंही चालेल.

कसबा बावडा

समोरासमोर ठेवलंत तिथंच गणित चुकलं. आम्हीही तेच केलं होतं, म्हणून सांगतोय. डॉक्टरांनी पहिला दम दिला तो भांडणावरून नव्हे, आजारावरून. रस्त्यावरच्या पिल्लाला पॅनल्युकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा साथीचा आजार) असला तर पहिले काही दिवस कळतही नाही, आणि आमच्या थोरल्या बाळूचा लसीचा बूस्टर कधीचा राहून गेलेला. त्यामुळं पिल्लू १४ दिवस मागच्या खोलीत. वाट्या वेगळ्या, शी-शूचा ट्रे वेगळा, त्याला हात लावला की साबणानं धुवायचे. जंताचं औषध लगेच. ८ आठवड्यांचं झाल्यावर लसीचा पहिला डोस, पुढचा ३-४ आठवड्यांनी.

हे १४ दिवस वाया गेले नाहीत. मांजर आधी नाकानं ओळख करून घेतं. पिल्लाच्या गालावरून जुना पायमोजा फिरवायचा आणि तो बाळूच्या वाटीपासून हातभर लांब ठेवायचा. पहिल्या दिवशी बाळू मोज्यालाच फिसकारला! आम्ही हसून लोळलो. चौथ्या दिवशी मोज्याकडं न बघता जेवला. मग बंद दाराच्या अलीकडं त्याची वाटी, पलीकडं पिल्लाची. रोज थोडी थोडी जवळ. एकदा घाई करून दोन्ही वाट्या दाराला चिकटवल्या, तर गडी जेवण टाकून उठला. परत मागं सरकलो. शेवटी दार चार बोटं उघडलं तेव्हा महिना होत आला होता.

मंगळवार पेठ

एवढं लाडाकोडाचं कशाला? दोघांना सोडा, आपापसात मिटवतील. आमच्याकडं दोन दिवसांत मिटलं.

शाहूपुरी

तुमचं मिटलं असेल. आमचंही 'मिटलंय' असंच आम्हाला वाटत होतं, कारण आवाज बंद झाला होता. नवं पिल्लू खेळत म्हणून ट्रेच्या तोंडाशी बसायचं आणि ट्रे एकच. आमचा ६ वर्षांचा बोका जाईचना. नंतर दिसलं की ट्रेत बसून जोर करतोय, लघवीचा थेंब नाही. लघवी तुंबली होती. नळी घालून मोकळी करावी लागली, तीन दिवस दवाखान्यात. एरवीही बोक्यांना हे होतं, पण ताणानं बळावतं म्हणाले. बोका असा बसलेला दिसला तर सकाळ व्हायची वाट बघू नका, जिवावर बेततं. तेव्हापासून आमच्याकडं दोन मांजरांना तीन ट्रे, तिन्ही वेगवेगळ्या कोपऱ्यांत. पाहुणे नाकं मुरडतात, मुरडू देत.

संभाजीनगर

आम्हाला १४ दिवस कुठले! २०१९ च्या ऑगस्टचा महापूर. आत्याच्या घरात पाणी शिरलं आणि ती कागदपत्रांची पिशवी, आत्तोबा आणि झाकणाच्या टोपलीत तीन महिन्यांचं पिल्लू घेऊन आमच्या दारात. दोन खोल्यांत नऊ माणसं, नळाला पाणी नाही, त्यात आमची गुंडी. पिल्लाला मोरीत ठेवलं, पण मोरीचं दार दर पाच मिनिटांनी उघडणार. गुंडी तिसऱ्या दिवशी माळ्यावर गेली ती आत्या परत जाईपर्यंत. जेवण वर पोचवत होतो. मैत्री वगैरे काही झाली नाही. पुढं महिनाभर ती पिल्लू बसायचं त्या गादीवर मुतत होती. गादी शेवटी टाकली.

रंकाळ्याजवळ

माझं वय ७२, नातीकडून टाईप करून घेतेय. आमच्या वाड्यात मांजरं आपली आपण यायची-जायची, ओळख कोण करून देतंय? पण वाड्याला माळा होता, परडं होतं, पळायला जागा होती. फ्लॅटमध्ये थोरल्या मांजरानं जायचं कुठं? तेवढी उंचावरची जागा तिची तिला राहू द्या, पिल्लाला तिथवर चढू देऊ नका.

आणि एक. ह्यांनी कौतुकानं गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध पिल्लाला पाजलं. पैलवान होतील त्यावर, पिल्लाला हगवण लागली. दूध पचत नाही त्यांना. भिजवलेलं पिल्लांचं खाणं द्या.

नागाळा पार्क

आम्ही पिल्लू परत दिलं. आमची म्हातारी १५ वर्षांची, किडनी अधू. दार बंद असतानाही तिनं खाणं सोडलं. दोन दिवस वाट बघितली आणि मैत्रिणीकडं पोचवलं. मुलगा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मला वाईट वाटतं, पण पस्तावा नाही.

राजारामपुरी

सगळ्यांचे आभार, मंगळवार पेठेचेही. तुमचं वाचून त्याच रात्री पिल्लू मागच्या खोलीत हलवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नाव पडलंय बॉन्या. ठकीसाठी कपाटावर तिची जुनी चादर टाकली. आता दिवसाही उतरते, पण माझ्याशी अबोला कायम. आईच्या मांडीवर मात्र जाते, मला दिसेल अशी.

आज २३ वा दिवस. सकाळी बॉन्यानं दाराखालच्या फटीतून पंजा बाहेर काढला. ठकी बराच वेळ बघत बसली, मग वर एक चापट दिली. वाकून बघितलं, नखं आत होती.