घोषालने वीस वर्षं वाया घालवली म्हणे!

निकमधला

परवा 'पोराला कुठल्या खेळात घालू' या धाग्यावर वास्तववादी यांनी पिंक टाकली. जशीच्या तशी देतो: "तो सौरव घोषाल बघा. वीस वर्षं भिंतीवर बॉल आपटला, ऑलिंपिक एकही नाही. तेवढ्यात दोनदा सीए झाला असता. स्क्वॉश हा श्रीमंतांच्या पोरांचा टाइमपास आहे, त्याला करिअर म्हणू नये."

यावर चौदा लोकांनी 'अगदी अगदी' केलं. म्हणून हा वेगळा धागा. मोठा होणार आहे, चहा घेऊन बसा.

कलकत्त्याचा मुलगा, शाळकरी वयात चेन्नईच्या अकादमीत गेला. २००४ ला १९ वर्षांखालची ब्रिटिश ज्युनियर ओपन जिंकला. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात शिकला आणि शिकता शिकता जवळच्या पाँटिफ्रॅक्टला कोच माल्कम विलस्ट्रॉपच्या हाताखाली घाम गाळला. एप्रिल २०१९ मध्ये जगात दहावा. त्याआधी एकही भारतीय पुरुष पहिल्या दहात नव्हता. पीएसए या व्यावसायिक सर्किटवर दहा विजेतेपदं. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये एकेरीचं ब्राँझ, स्क्वॉशच्या एकेरीत भारताचं पहिलं. एशियन गेम्सची पदकं मोजायला बसलो तर चहा गार होईल.

आता ऑलिंपिक नाही, हे कुणाचं पाप? स्क्वॉशच नव्हता हो ऑलिंपिकमध्ये! २०१२, २०१६, २०२०, दर वेळी दारातून परत. शेवटी १६ ऑक्टोबर २०२३ ला, तेही आपल्या मुंबईत, बीकेसीत, लॉस एंजेलिसच्या २०२८ साठी मंजुरी मिळाली. त्याच्या अकरा दिवस आधी हा माणूस हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये एकेरीची फायनल खेळला होता. वय ३७. एप्रिल २०२४ ला त्याने व्यावसायिक सर्किट सोडलं. गाडी फलाटाला लागली तेव्हा याच्या तिकिटाची मुदत संपली होती. याला 'वाया घालवली' म्हणायचं?

कुस्तीपंढरी

दार बंद कुणी केलं तेही सांगा की राव. सप्टेंबर २०१३, ब्युनोस आयर्स. २०२० च्या जागेसाठी कुस्ती, बेसबॉल-सॉफ्टबॉल आणि स्क्वॉश. कुस्तीला ४९ मतं, बेसबॉलला २४, तुमच्या स्क्वॉशला २२. चितपट! आणि आमच्या तालमीला मेंबरशिप फी नसते.

निकमधला

कुस्तीला आधी ऑलिंपिक समितीवाल्यांनीच बाहेर काढलं आणि परत घ्यायचं नाटक त्यांनीच केलं. घरातल्याच पाहुण्याला पुन्हा पाट मांडला. स्क्वॉश फुकट मेला. बाकी तालमीबद्दल आदर आहेच, विषयावर या.

वास्तववादी

माझ्या एका वाक्यावर एवढं पारायण! मी आकडे कधी नाकारले? माझा मुद्दा साधा आहे: घोषाल एक. त्याच्या मागे किती जण गेले ते कोण सांगणार?

मी सांगतो. माझा भाचा. बारावीनंतर 'दोन वर्षं फक्त खेळतो' म्हणाला. मेव्हण्याने रस्त्यालगतचा गाळा विकला. पोरगं परदेशात चॅलेंजर, म्हणजे खालच्या पातळीच्या व्यावसायिक स्पर्धा खेळायला जायचं. सहा हजार डॉलर हे अख्ख्या स्पर्धेचं बक्षीस, ते सगळ्यांत वाटायचं, पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हातात येतं ते टॅक्सीला पुरत नाही. राहायचं कुठल्या तरी अनोळखी कुटुंबाच्या घरी, कारण हॉटेल परवडत नाही. एकदा यजमानांच्या मांजरामुळे रात्रभर शिंकत होता, सकाळी सामना. दोन वर्षांची चार झाली. रँकिंग तीनशेच्या आसपास अडकलं. आज एका क्लबात लहान मुलांना शिकवतो, महिन्याच्या पैशात ठाण्यात भाडंही निघत नाही. गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे, चांगलं चालतं. मेव्हणा त्या रस्त्याने जात नाही.

ड्राइव्हलेंग्थ

भाच्याबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण चार वर्षं सीए फायनलला आपटणारे भाचे मी चार दाखवतो. त्यांच्यासाठी कुणी 'सीए हा टाइमपास' असा धागा काढला का?

वास्तववादी

सीए आपटला तरी अकाउंटंट होतो. स्क्वॉश आपटला की काय होतं?

अमृता_ठाणे

हेच ऐकून ऐकून कान किटलेत. माझी मुलगी तेरा वर्षांची, राज्य ज्युनियरमध्ये खेळते. काका, तुमच्या वाक्यातल्या 'पोरांचा' या शब्दावरच अडले मी. पोरींचं काय? आपली स्क्वॉशपटू दीपिका पल्लिकल २०१२ पासून नॅशनल्सला गेलीच नाही, कारण बाईला बक्षीस पुरुषापेक्षा कमी. वर्षानुवर्षं बाहेर बसली. २०१६ ला रक्कम सारखी केली तेव्हा परत आली. २०१२ च्या डिसेंबरात ती जगात दहावी होती, घोषालच्या सहा वर्षं आधी! मूळ लेखात तिचं नाव एकदाही नाही याची नोंद व्हावी.

निकमधला

नोंद झाली. चूक माझी. जोशना चिनप्पाही राहिली, अठरा वेळा राष्ट्रीय विजेती.

अमृता_ठाणे

आणि मुलीला पुढे अमेरिकेत कॉलेजला याचा उपयोग होईल, तेवढं आम्हाला पुरे आहे.

खमंग_थालीपीठ

आलं, मांजर पोत्यातून बाहेर आलं! हेच लिहायला बसलो होतो. दक्षिण मुंबईत अर्धा स्क्वॉश हा खेळ नाही, प्रवेश अर्ज आहे. पोरगं सतराव्या वर्षापर्यंत पहाटे कोर्टावर, आयव्ही लीगचं, म्हणजे अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांचं, पत्र आलं की रॅकेट माळ्यावर. यांना करिअर नकोय, निबंधात लिहायला एक परिच्छेद हवाय.

अमृता_ठाणे

माहिती नसताना बोलू नये. आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसतेच. फी भरावीच लागते, किंवा उत्पन्नानुसार मदत. कोच फक्त नावाची शिफारस करतो. आणि माझा नवरा रेल्वेत आहे, दक्षिण मुंबईत आम्ही फक्त दिवाळीच्या खरेदीला जातो. मुलगी पाच-पन्नासची लोकल पकडते, रॅकेटची बॅग दाराशी उभ्या बायकांच्या कमरेत खुपसते आणि शिव्या खाते. परिच्छेद म्हणे!

खमंग_थालीपीठ

बरं, तुमच्या घरापुरते शब्द मागे. बाकीच्यांच्या बाबतीत ठाम आहे.

जुना_खेळ्या

वाट नवी नाही ही. मुंबईचा अनिल नायर १९६५ ला इंग्लंडमधली ज्युनियर स्पर्धा, ड्रायस्डेल कप, जिंकला, हार्वर्डला गेला आणि १९६९ व ७० ला अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता झाला. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजने तर सलग २५२ लढती जिंकल्या, २०१२ ला येलने रोखेपर्यंत. त्या संघांमध्ये भारतातली मुलं होती. आणि सगळेच रॅकेट माळ्यावर टाकत नाहीत. रमित टंडन कोलंबियाला शिकला, न्यूयॉर्कला हेज फंडात, म्हणजे श्रीमंतांचा पैसा गुंतवणाऱ्या कंपनीत, नोकरीला लागला आणि ती सोडून व्यावसायिक स्क्वॉशमध्ये आला. अली फराग हार्वर्डचा इंजिनियर, चार वेळा जगज्जेता. वास्तववादींचा सीए यांच्यापुढे काय टिकणार.

वास्तववादी

हेज फंडातून आलेल्याला परत जायला हेज फंड असतो. माझ्या भाच्याला काय होतं? तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध करताय, आभारी आहे.

गिरगावकर

दोन दिवस नुसतं वाचतोय. तुम्ही सगळे 'व्यावसायिक स्क्वॉशपटू' असं इतकं सहज लिहिताय की हसू येतंय.

माझे वडील व्यावसायिक स्क्वॉशपटू होते. मुंबईतल्या एका जिमखान्यात चौतीस वर्षं मार्कर, म्हणजे सभासदांशी खेळणारा, त्यांना शिकवणारा क्लबचा नोकर. नाव घेत नाही, त्यांचं पेन्शन नव्हतंच तर बंद तरी काय करणार, पण नको.

सकाळी साडेपाचला कोर्टात जाऊन एकटेच बॉल मारत बसायचे. हौस म्हणून नाही. थंड बॉल जमिनीवर मेल्यासारखा पडतो, उसळतच नाही. सहाला पहिले साहेब आले की त्यांच्या हातात गरम बॉल पडला पाहिजे. मग दिवसभर साहेब. जिंकायचं नाही, आणि मुद्दाम हरतोय हेही दिसू द्यायचं नाही. ९-२ ने हरलात तर साहेब ओळखतो. म्हणून ९-७. एक गेम आपण घ्यायचा, तो दुसरा. पहिला घेतला तर साहेबांचा मूड जातो. हे कौशल्य कुठल्या रँकिंगमध्ये येतं ते सांगा. दुपारी रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा विणणं. संध्याकाळी ओल्या फडक्याने भिंतीवरचे काळे ठिपके पुसायचे. डबा कोर्टामागच्या जिन्यात.

त्यांनी शिकवलेले तीन सभासद राज्य स्पर्धेत चमकले. वडिलांना क्लबच्या स्पर्धेतही उतरता यायचं नाही. का? कारण ते 'प्रोफेशनल'. स्पर्धा सभ्य लोकांच्या, म्हणजे जे पैशासाठी खेळत नाहीत त्यांच्या. तो शब्द तेव्हा शिवीला जाऊन भिडलेला होता. आज तुम्ही तो मुकुटासारखा घालताय. घाला, पण डोकं कुणाचं होतं ते लक्षात ठेवा.

हाशिम खान माहीत असेलच. पेशावरजवळच्या खेड्यातला, इंग्रज अफसरांच्या क्लबात बॉल उचलणारा पोऱ्या. १९४४ ला पहिली अखिल भारतीय स्पर्धा जिंकला, कुठे? मुंबईत. फाळणीनंतर इकडेच राहिलेला अब्दुल बारी १९५० ला ब्रिटिश ओपनच्या फायनलपर्यंत पोचला. 'त्याला तर मी मुंबईत हरवलंय, मग मी का नाही' असं म्हणून पुढच्या वर्षी हाशिम गेला. पस्तिशी उलटलेला माणूस, फायनलला इजिप्तच्या महमूद करीमला ९-५, ९-०, ९-० धुतलं. सात वेळा जिंकला. हे सगळे मार्करच्या जातकुळीतले लोक. तुमचा 'श्रीमंतांचा खेळ' गरिबांनी श्रीमंतांना शिकवलाय.

निकमधला

काय बोलू? माझ्या लेखापेक्षा तुमचा प्रतिसाद मोठा आहे, लांबीने म्हणत नाही.

खमंग_थालीपीठ

डोळे ओले वगैरे ठीक, पण यातून कोर्टं क्लबातच अडकलीत हे सिद्ध होतंय ना? गिरगावकर, तुम्हाला खेळता आलं का तिथे?

गिरगावकर

एकदा. नऊ वर्षांचा होतो, सोमवारी क्लब बंद असायचा. वडिलांनी मागच्या दाराने नेलं. वीसेक मिनिटं खेळलो असेन. टिनला, म्हणजे समोरच्या भिंतीच्या तळाच्या पट्टीला, लागलं की पत्र्याचा जो आवाज यायचा त्यालाच घाबरत होतो, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल म्हणून. गेलाच ऐकू. कुणीतरी सेक्रेटरीला सांगितलं. वडिलांचा आठ दिवसांचा पगार कापला, आणि तक्रारीत लिहिलं होतं की मुलाच्या काळ्या सोलच्या बुटांनी लाकडी फ्लोअर खराब झालं. शाळेचेच बूट होते. दुसरे कुठून आणणार.

कुस्तीपंढरी

आठ दिवसांचा पगार! त्या सेक्रेटरीला आमच्या मातीत आणा एकदा.

ड्राइव्हलेंग्थ

पण आता तसं राहिलेलं नाही हो. मुंबईचा महेश माणगावकर एशियन गेम्सच्या सुवर्णविजेत्या संघात दोनदा होता. हांगझोऊच्या फायनलला पाकिस्तानविरुद्ध पहिला सामना तो हरला, घोषालने बरोबरी केली, मग अभय सिंगने मॅच पॉइंट वाचवून नूर झमानला पाडलं. तो दिवस मी ऑफिसच्या स्वच्छतागृहात मोबाइल धरून पाहिलाय. त्या पोरांना करिअर नाही म्हणणाऱ्याशी मला वादच घालायचा नाही.

वास्तववादी

मग घालू नका. बाकी ऑलिंपिकमध्ये एकेरीच असणार, पुरुष सोळा आणि बायका सोळा, बस. म्हणजे सांघिक सुवर्णवाले तुमचे वीर त्यातल्या एखाद्या जागेसाठी एकमेकांशीच भांडणार. जाऊ दे.

गिरगावकर, तुमच्या वडिलांबद्दल वाचून मी 'टाइमपास' हा शब्द मागे घेतो. फक्त तो शब्द. 'करिअर म्हणू नये' यावर कायम आहे, आणि खरं तर तुमच्या वडिलांनी त्याला करिअर म्हटलं असतं का, हे तुम्हीच सांगा.

गिरगावकर

नोकरी म्हणायचे. 'कोर्टात जातो' म्हणायचे. शेजारच्या बाईंना कित्येक वर्षं वाटत होतं ते वकिलाकडे कारकून आहेत.

निकमधला

वास्तववादी, एवढं लिहिलंत, कधी कोर्टात पाऊल ठेवलंय का? खरं सांगा.

वास्तववादी

भाच्याचे सामने काचेबाहेरून पाहिलेत. आत कधी नाही.

निकमधला

मग रविवारी सकाळी सात, पुण्यात वाकडला. आमच्या सोसायटीत एक कोर्ट आहे, त्यात लोक सायकली ठेवतात, त्या मी काढून ठेवतो. बॉल निळ्या ठिपक्याचा आणतो, नवशिक्यांचा, भरपूर उसळतो. पाच पॉइंट घेतलेत तर धागा मीच बंद करायला सांगतो.

वास्तववादी

वय ६१ आहे माझं. पाच नाही, तीन. आणि भाच्याला बरोबर आणतो, शिकवणी फुकट. बूट मात्र ऑफिसचेच आहेत, काळ्या सोलचे. चालतील का?

गिरगावकर

नाही. अनवाणी या. हाशिम खान तसाच शिकला होता.