अमेरिकी रस्त्यांचा नकाशा: प्रत्येक राज्याची पाटी काढायची, की चौकटीत आकडा पुरे?

मैलाचा_दगड

ओपनस्ट्रीटमॅपच्या (स्वयंसेवकांनी भरलेला खुला जागतिक नकाशा) डेटावर अमेरिकेतल्या स्वयंसेवकांनी ‘अमेरिकाना’ नावाची नकाशाशैली बांधली आहे. कोड खुला, परवाना सीसी-झिरो, म्हणजे हक्क सोडून दिलेले. तिचा एक हट्ट आहे: रस्त्याच्या कडेला क्रमांकाची जी पाटी (तिकडे शील्ड म्हणतात) दिसते, तीच नकाशावर दिसली पाहिजे. इंटरस्टेटची (राज्याराज्यांतून जाणारे द्रुतगती महामार्ग) लाल-निळी ढाल, कॅलिफोर्नियाचं हिरवं फावडं, युटाचं मधमाश्यांचं पोळं, कॅन्ससचं सूर्यफूल. वॉशिंग्टन राज्यात तर थेट जॉर्ज वॉशिंग्टनचं डोकं.

माझ्या मते हा हट्ट बरोबर आहे. ज्यांना ही सजावट वाटते त्यांनी विस्कॉन्सिनमधला 41 बघावा. यूएस 41 (‘यूएस’ हे इंटरस्टेटहून जुनं, वेगळं देशव्यापी जाळं) तिथे जुनाच. 2015 साली इंटरस्टेट 41 आला, आणि बराच पट्टा दोघे एकाच डांबरावरून जातात. चौकटीत नुसता आकडा छापला तर नकाशावर ‘41’ आणि शेजारी पुन्हा ‘41’. उत्तर कॅरोलिनात 74 ची हीच गत. तिथे आकडा हे अर्धंच नाव असतं, उरलेलं अर्धं पाटीच्या आकारात.

ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर दिसते त्या मूळ शैलीत हे का नाही? ती जन्माने ब्रिटिश. रस्त्यांच्या दर्जांची नावं, मोटरवे, ट्रंक, हे शब्दच तिकडचे. 2015 पर्यंत मोटरवे निळे आणि ट्रंक हिरवे होते, ब्रिटिश पाट्यांच्या रंगात.

खडी_डांबर

असहमत. 50 राज्यांची पाटी काढाल, पुढे? काउंट्या (जिल्ह्यांसारखे विभाग, त्यांचेही क्रमांकाचे रस्ते असतात) तीन हजारांवर आहेत. एकट्या ओहायोत 88, आणि ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येकीचा वेगळा नेटवर्क कोड (रस्ता कुठल्या जाळ्यातला ते सांगणारी खूण). मिसुरीत पूरक रस्त्यांना आकडाच नाही, अक्षरं: ए, एए, असं. पिट्सबर्गभोवती रंगांचे पट्टे: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. नुसता रंगीत गोल, आत आकडा नाही. हे सगळं काढणार कोण आणि पाच वर्षांनी सांभाळणार कोण?

शिवाय ती पाटी पडद्यावर विसेक पिक्सेल उंच. तेवढ्यात जॉर्ज वॉशिंग्टनचा बटाटा होतो, आणि बटाट्यावर तीन आकडी क्रमांक. काळी कड, पांढरी चौकट, ठळक आकडा. आंधळ्यालाही वाचता येईल. मूळ शैलीही साधी चौकटच काढते, फक्त रस्त्याच्या दर्जाच्या रंगात.

टोकदार_पेन्सिल

खडीसाहेब, बटाटा होतो तो खऱ्या पाटीचं चित्र जसंच्या तसं लहान केल्यावर. तसं करायचंच नसतं. पद्धत अशी:

आकाराची बाह्यरेषा घ्यायची, आतले तपशील जवळपास सगळे टाकायचे. पोळ्याच्या आडव्या रेघा 20 पिक्सेलांत राखाडी डाग होतात, म्हणून त्या जातात आणि घुमटाचा आकार राहतो. एसव्हीजीत (पाटीच्या चित्रफाइलीत) अक्षर एकही नाही, रिकामा आकार फक्त. रुंदी शक्यतो दोन प्रकारची: दोन आकड्यांसाठी अरुंद, तिनांसाठी रुंद. एकच आकार ताणला की ढालीच्या कडा फाकतात आणि ती परातीसारखी दिसते.

मग आकडा. तो ब्राउझरच्या कॅनव्हासवर (कोऱ्या चित्रफलकावर) नकाशा बघतानाच, ऐनवेळी लिहिला जातो. प्रत्येक पाटीला चारही बाजूंचं पॅडिंग (मोकळी जागा) आणि आकडा कुठल्या आकारात बसवायचा याची मर्यादा द्यावी लागते: आयत, लंबवर्तुळ, खालचं अर्धं लंबवर्तुळ, खाली टोक असलेला त्रिकोण. इंटरस्टेटला वरची लाल पट्टी सोडायची म्हणून वरचं पॅडिंग जास्त, खाली निमुळतं म्हणून अर्धं लंबवर्तुळ. साधा आयत दिला तर ‘95’ ठीक बसतो, ‘495’ चे खालचे कोपरे ढालीबाहेर येतात. कॅलिफोर्नियाचं फावडं वर अरुंद आणि पोटात रुंद. आकडा मध्यावर ठेवला की उगाच बारीक होतो, थोडा खाली सरकवला की मोठा बसतो.

तपासताना चार क्रमांक लावून बघायचे: एक आकडी, दोन आकडी, तीन आकडी आणि अक्षर चिकटलेला. शेवटचा नेहमी विसरतो. इंटरस्टेट 35 टेक्ससमध्ये आणि मिनेसोटातही फुटून 35ई व 35डब्ल्यू होतो, आणि ‘डब्ल्यू’ हे सगळ्यात जाडं अक्षर. हाय-डीपीआय (दाट पिक्सेलांच्या) पडद्यासाठी कॅनव्हास दुपटीने-तिपटीने काढायचा, नाहीतर फोनवर सगळं धुरकट.

काउंट्यांचं म्हणाल तर फार नाही. बऱ्याच ठिकाणी प्रमाण पाटी एकच: निळा पंचकोन, पिवळा आकडा. एक आकार, कोडची लांबलचक यादी. कंटाळवाणं काम आहे, अवघड नाही.

खडी_डांबर

यादीच तर मरते. डेटात कोणी नेटवर्कचं स्पेलिंग बदललं की यादीत सापडत नाही आणि पाटी गायब.

टोकदार_पेन्सिल

म्हणून अनोळखी नेटवर्कसाठी पांढरी साधी चौकट राखीव हवी. तुमचीच चौकट! शेवटचा आसरा म्हणून ती उत्तम आहे.

रिलेशनवाला

आकारावर इतकं भांडताय, पण शैलीला कळतं कुठून की हा 41 इंटरस्टेटचा की यूएसचा? खरा प्रश्न तो.

मूळ शैली रस्त्याच्या तुकड्यावरचा ‘रेफ’ (क्रमांकाची नोंद) वाचते: ‘आय 77;आय 81’ अशी अर्धविरामांनी जोडलेली माळ. कुठल्या राज्याचा रस्ता हे त्यात पक्कं कळत नाही. अमेरिकाना रूट रिलेशन (एका मार्गाचे सगळे तुकडे एकत्र बांधणारी नोंद) वाचते. मार्गाचं रिलेशन वेगळं, त्यावर नेटवर्क ‘यूएस:आय’, रेफ ‘77’. टाइल (नकाशाच्या डेटाचे चौकोनी तुकडे) बनवताना प्लॅनेटायलर हा प्रोग्राम हे वाचून रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर मार्ग 1, मार्ग 2 असे रकाने भरतो, नेटवर्क आणि क्रमांक वेगवेगळे. जोडरस्त्यावर, म्हणजे अनेक मार्ग एकाच डांबरावरून जातात तिथे, प्रत्येक मार्गाला आपली पाटी मिळते ती यामुळे.

व्हर्जिनियातलं वायथविल बघा. इंटरस्टेट 77 आणि 81 तिथे आठेक मैल एकत्र धावतात, पण उलट दिशांनी: 77 ची उत्तर म्हणजे 81 ची दक्षिण. गाडी प्रत्यक्षात जाते पूर्व-पश्चिम! त्यात यूएस 11 आणि यूएस 52 पण घुसतात. चार मार्ग, चार रिलेशनं.

यात मोडतं काय? कोणी नवा वळणरस्ता काढतो, ‘रेफ’ टाकतो आणि रिलेशनमध्ये तुकडा घालायला विसरतो. मूळ शैलीवर सगळं छान दिसतं. अमेरिकानावर तेवढ्या पट्ट्यात पाटी नाही. मला हा दोष वाटत नाही. चूक दिसली म्हणून दुरुस्त तरी होते.

खिडकीतला_नकाशा

नकाशा वापरणाऱ्याला मात्र तो दोषच वाटतो. तो चुका शोधायला आलेला नसतो.

माझा आक्षेप वेगळा आहे. व्हेक्टर शैली म्हणजे नकाशा कसा रंगवायचा हे सांगणारी एक जेसन फाइल, जी कुठेही उचलून लावता यावी. इथे तसं नाही. मॅपलिब्रेला (ब्राउझरात नकाशा रंगवणारी लायब्ररी) ‘शील्ड, यूएस:आय, 77’ अशा नावाचं चित्र मागितलं जातं, ते स्प्राइटमध्ये (तयार चित्रांच्या संचात) नसतं, मग ‘चित्र सापडलं नाही’ हा इव्हेंट उडतो आणि जावास्क्रिप्ट तिथल्या तिथे पाटी रंगवून देते. युक्ती सुंदर आहे. पण तीच फाइल क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा: रस्ते दिसतील, पाट्या शून्य. ज्या गोष्टीसाठी शैली केली तीच शैलीत नाही!

टोकदार_पेन्सिल

अर्धं मान्य. पण दुसरा रस्ता कोणता? तयार स्प्राइट करायचा तर प्रत्येक नेटवर्क गुणिले प्रत्येक क्रमांक. हजारो चित्रं, त्यातली बहुतेक तुमच्या पडद्यावर कधीच येणार नाहीत. पाट्या काढणारा भाग वेगळं पॅकेज म्हणून बाहेर काढलेला आहे, मॅपलिब्रेवरच्या दुसऱ्या नकाशातही तो लावता येतो. क्यूजीआयएसला मात्र उपयोग नाही, हे खरं.

मैलाचा_दगड

मध्येच एक अवांतर: हक्कांचं काय, असं कोणी विचारण्याआधी सांगतो. अमेरिकेची रस्तापाट्यांची केंद्रीय नियमपुस्तिका म्हणते की तिच्यातल्या पाट्यांची रचना सार्वजनिक मालकीची. नावानिशी अपवाद इंटरस्टेटच्या ढालीचा. टोलरस्त्यांची बोधचिन्हं वेगळी तपासावी लागतात; काही सरळ व्यापारचिन्हासारखी असतात.

खडी_डांबर

वायथविलवर परत येतो, कारण उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. जोडरस्त्याच्या सगळ्या पाट्या एकाच मजकुरात ओवलेल्या असतात. म्हणजे जागेची टक्कर तपासताना चौघी मिळून एक लेबल. जागा असली तर चारही, नसली तर एकही नाही. लांबून बघताना, जिथे निदान 81 तरी दिसायला हवा, तिथे गावाच्या नावाशी टक्कर होते आणि अख्खी माळ पडते. साध्या चौकटी छोट्या असतात, टिकतात.

रिलेशनवाला

यावर उपाय आहे: लांबच्या झूमला फक्त इंटरस्टेट, जवळ आल्यावर यूएस, मग राज्य. वायथविलला लांबून दोनच पाट्या उरतात. पण लांबून काय दाखवायचं हे ठरवणारा रस्त्याचा दर्जाच अमेरिकेत घोळात आहे. ‘ट्रंक’ म्हणजे दुभाजकवाला वेगवान रस्ता, की दोन शहरांना जोडणारा महत्त्वाचा रस्ता, कितीही अरुंद असो? यावर वर्षानुवर्षं वाद झाला. शेवटी महत्त्व दर्जात आणि बांधणी ‘एक्सप्रेसवे’ या वेगळ्या टॅगमध्ये, असं वळण पडलं. शैलीने दोन्ही वाचून रेघ वेगळी काढायला हवी. खाली जनगणना खात्याच्या टायगर डेटाची 2007-08 मधली घाऊक आयात आहेच: शेतातली चाकोरीसुद्धा ‘निवासी रस्ता’. जवळ गेलात की ओसाड माळावर शहर वसल्यासारखं जाळं दिसतं. ते पाटीने सुधारत नाही, चौकटीनेही नाही.

खिडकीतला_नकाशा

झूमची उतरंड बरोबर. पण दुभाजक असला की एकाच रस्त्याच्या दोन रेघा, दोन्हींना पाट्या, आणि मधल्या झूमला शेजारीशेजारी त्याच चार पाट्या दोनदा. चौकट काढा नाहीतर सूर्यफूल, हे दोन्हीकडे होतं. टाइल बनवतानाच दोन रेघांची एक करायची, की पाट्यांमधलं अंतर वाढवून वेळ मारून न्यायची?

टोकदार_पेन्सिल

अंतर वाढवलं की डोंगरातल्या छोट्या तुकड्यांना एकही पाटी मिळत नाही. टाइलमध्येच एक करा. पण मग 77 ची उत्तर कुठल्या रेघेवर लिहिणार ते खडीसाहेबांना विचारा.